न दिलेला होकार

दर्शना काकीनं केलेल्या एका विनोदापायी मोंडव्याची खाडी जवळजवळ गेलीच होती.

विनोद तसा घरगुती होता. सकाळची सुकती लागून पाणी ओसरलेलं, काकी खडकावर फतकल मारून कोयतीनं कालवं फोडत होती आणि तिच्या कानातलं कानफूल बातम्या सांगत होतं. खाडीच्या तोंडावर मोठं सर्व्हरगृह येणार, त्यातली यंत्रं थंड ठेवायला खाडीचं पाणी आत घेणार आणि कोमट करून परत खाडीत सोडणार, अशी बातमी होती. काकीनं कोयती बाजूला ठेवली आणि गावाच्या गटावर रोजच्यासारखं आपलं म्हणणं सोडलं:

"ऐका रे. आतापर्यंत कालवां घराकडे नेऊन उकडूक लागत होती. आता खाडीतच उकडून गावतली. मीठ खाडीचा, गॅस सरकारचो. कंपनीन फक्त कांदो-खोबरा घालूचा, मगे आमची काय एक तक्रार नाय!"

अख्खं मोंडवे हसलं. गुरव पूजा अर्धवट टाकून हसला. बाळा तांडेल होडीत जाळं सोडवता सोडवता एवढा हसला की वल्हं पाण्यात गेलं. आणि हसणाऱ्या प्रत्येकाच्या कानात एकेक कानफूल होतं.

मोबाइल हातातून कानात जाऊन आता काही वर्षं झाली होती. बातमी वाचून खाली अंगठा नाहीतर हसरं तोंड दाबायचे दिवस संपले होते. दाबायची गरजच उरली नव्हती. कानाच्या पुढे, जबड्याचं बिजागर असतं तिथून, चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या जातात. हसू येताना गालाचा स्नायू आखडतो आणि आखडताना विजेची एक बारीक लाट सोडतो. ओठ दाबून हसू आवरता येतं, ती लाट आवरता येत नाही. कानफूल तीच लाट टिपायचं. कोणती बातमी ऐकून कोणाला काय वाटलं, हे त्या माणसाच्या आधी कंपनीला कळायचं.

कंपनीचं नाव मनोदर्शी. सरकारला हे यंत्र इतकं आवडलं की त्यानं जनसुनावणीच मोडीत काढली. मंडप नको, माईक नको, आरडाओरडा नको, फेकलेल्या खुर्च्या उचलायला माणसं नकोत. त्याजागी आला 'जनकौल'. प्रकल्पाच्या बातम्या लोकांच्या कानात सोडायच्या. ऐकलेल्या बातम्यांपैकी किती बातम्यांवर माणूस खूष झाला त्याचा भागाकार करायचा आणि सगळ्या गावाची सरासरी काढायची. सरासरी शंभरात चाळीसच्या खाली गेली तर प्रकल्प थांबवायचा.

आणि हसू म्हणजे खुशी. हे यंत्राला कोणी शिकवलं? काचेच्या थंडगार खोल्यांत बसून, आनंद झाला की हसणाऱ्या माणसांनी. त्यांनी मोंडवे पाहिलं नव्हतं. मोंडव्यात माणूस मेला तर तिरडी बांधता बांधता कोणीतरी असं काही बोलतो की खांदेकऱ्यांना तिरडी खाली ठेवावी लागते. इथं पोट दुखलं तरी हसतात, घर पडलं तरी हसतात आणि सरकारचं नाव निघालं तर बातमी पूर्ण व्हायच्या आतच हसतात.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'सर्व्हरगृहाला मोंडवेकरांचा उत्स्फूर्त पाठिंबा.'

गाव त्याच्यावरही हसलं. पाठिंबा आणखी वाढला.

मग मात्र डोकी तापली. अंतिम कौलाची मोजणी नव्यानं, शून्यापासून होणार होती. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली आणि ठरलं, की अंतिम कौल होईस्तोवर कोणीही कानफूल घालायचं नाही. एक पातेलं मधोमध ठेवलं गेलं. सगळ्यांनी आपापलं कानफूल काढून त्यात टाकलं. मोंडव्यात शिव्या घालतात तोवर नातं शाबूत असतं. बोलणं बंद केलं म्हणजे विषय संपला. गावाजवळ याहून मोठी शिक्षा नव्हती, आणि ती त्यांनी मनोदर्शीला ठोठावली.

पातेल्यात एक कानफूल कमी पडलं. ते हेमांगीचं होतं.

हेमांगी कुबल, काकीची पुतणी. आईबाप मुंबईत, पोर काकीनं वाढवलेली. कॉलेज तिनं दुसऱ्याच वर्षी सोडलं, कारण शिकवणाऱ्यांना तिच्या प्रश्नांचा राग यायचा आणि तिला त्यांच्या उत्तरांचा. मग मोडके फोन उघडून, चिपांची माहितीपत्रकं वाचून, स्वतःचं स्वतः शिकली. प्रोग्राम लिहिणारे बरेच असतात. हेमांगी तळघरात काम करणारी होती. चिपच्या इतकं जवळचं लिहायची, की तिथं शब्द संपतात आणि नुसते शून्य आणि एक उरतात. कानफुलाच्या आतला प्रोग्राम सांभाळणं ही तिची नोकरी. मनोदर्शीची नोकरी.

"टाक हयसर," काकी पातेलं पुढे करून म्हणाली.

"काकी, माझ्या कामाचा हा ता."

"तेच सांगतंय. काम टाक आणि कानफूलय टाक."

"आधी बघूक दे माका, तुमी काढून ठेवलास त्याचा थय काय होता ता."

काकीनं पातेलं मागे घेतलं. त्या क्षणापासून ती हेमांगीशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण बोलायची नाही.

हेमांगीनं मनोदर्शीच्या मुख्य यंत्रातला प्रोग्राम उघडला. जी माणसं काहीच ऐकत नाहीत, त्यांचं गणित कसं होतं ते तिला बघायचं होतं. वाचता वाचता तिच्या तोंडातून अशी शिवी निघाली, की मागच्या दारी काकीनंही मान वळवली.

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरायला हवं. घाबरायचं कारण नाही, तिथं कोणी देव बसलेला नाही.

ज्यानं बातमी ऐकलीच नाही, त्याच्या ऐकलेल्या बातम्या शून्य आणि खुशी शून्य. शून्याला शून्यानं भागलं की काय येतं? शाळेत सांगतात, असं करायचं नाही. प्रोसेसरला असं म्हणून हात झटकता येत नाहीत. दशांशाच्या गणितात त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. म्हणून त्याच्यासाठी एक खास खूण ठेवलेली असते. तिचा अर्थ, 'ही संख्या नाही.'

खूण मोठी खोडसाळ. तिला कुठल्याही बेरजेत घाला, अख्खी बेरीज तीच होऊन बसते. एक नासलेलं कालव टोपात पडलं की सगळं कालवण गेलं, तसं. दुसरा गुण त्याहून वाईट. तिची तुलना कशाशीच होत नाही. ती चाळीसपेक्षा कमी आहे का, विचारा. यंत्र म्हणतं, नाही. जास्त आहे का? नाही. निदान स्वतःएवढी तरी आहे का? तेही नाही.

आणि मनोदर्शीच्या प्रोग्राममधली ओळ अशी होती: सरासरी चाळीसपेक्षा कमी असेल तर थांबव, नाहीतर मंजूर कर.

कमी आहे का? नाही. मग मंजूर.

उलटं लिहिलं असतं, की चाळीस किंवा जास्त असेल तरच मंजूर कर, नाहीतर थांबव, तर तीच खूण गावाच्या बाजूनं उभी राहिली असती. पण तसं लिहिलं नव्हतं. गावानं हसावं तर होकार. गप्प बसावं तर होकार. आणि गावात एकच माणूस गप्प असला तरी सबंध गावाचा होकार.

हेमांगीनं साहेबाला फोन लावला. राजाध्यक्ष, पुण्यातल्या मुख्य कार्यालयात जनकौलाचा प्रमुख.

"हां, ते माहितीये आम्हाला," तो म्हणाला. पलीकडे चमचा कपात फिरत होता. "जुनंच आहे. दुरुस्ती लिहून तयारसुद्धा आहे."

"मग घातली का नाही?"

"कायदा विभागानं थांबवलीय. आज ओळ बदलली, तर कालपर्यंतच्या मंजुऱ्या कशा झाल्या, असं लोक विचारतील ना?"

"विचारू देत की."

"हेमांगी, तू गावाकडून बोलतेयस. जरा लांबून बघ. ज्यांना विरोध करायचाय ते करतात. जे काहीच करत नाहीत त्यांचं काही म्हणणं नसतं. मौन म्हणजे संमती, हे आपल्या पूर्वजांनीच सांगून ठेवलंय."

"सर, उद्या मी तुमच्या दाराची बेल वाजवली आणि तुम्ही उघडलं नाहीत, तर मी सोफा उचलून नेऊ?"

तो मनापासून हसला. "भारी आहे हे!"

त्याच्याही कानात कानफूल असणार. हेमांगीच्या मनात आलं, झाली नोंद. साहेब सोफा द्यायला तयार आहेत.

"कौल होईपर्यंत हे आपल्यातच ठेव," तो हसू आवरून म्हणाला. "करारात आहे तुझ्या."

आता गावाला सांगणं आलं. पण सांगणार कशी? गावाचा म्होरक्या काकी, आणि काकी तर मुकी झालेली. हेमांगी चुलीपाशी गेली. काकी पाठमोरी बसून वाटप वाटत होती.

"काकी, कंपनीन फसयल्यान तुमका. कानफुलां काढलास तरी तुमचो होकारच जाता हा."

वरवंटा थांबला नाही.

"खरा सांगतंय."

काही नाही. मग टोपावरचं झाकण काढून तिनं तळलेल्या बांगड्याची तुकडी उचलली.

"काकी, मी ही खातंय. चलात?"

काकी गप्प. हेमांगीनं खाल्ली.

"तुझी नवी साडी मी घेतंय. चलात?"

गप्प. हेमांगी आतून साडी घेऊन आली आणि खांद्यावर टाकून उभी राहिली.

"आता खाडी इकतंय. कंपनीक देतंय. चलात?"

"हात लावून बघ!" काकी ओरडली. वरवंट्याखालचं वाटप भिंतीवर उडालं. "कोयतीन बोटां कापून हातात देतलंय तुझ्या! बापाशीची खाडी हा काय तुझ्या?"

"बघ," हेमांगी म्हणाली. "तू ओरडलस म्हणून रवली. गप बसली असतस तर साडी गेली तशी खाडी गेली होती. यंत्र ह्याच करता."

काकीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. साडीकडे पाहिलं. मग हेमांगीनं तिला सगळं सांगितलं; शून्याचा भागाकार, नासलेलं कालव, उलटी लिहिलेली ओळ. काकीनं हात पदराला पुसले.

"काय गो, आपलो गुरव देवाक पाकळी लावता. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. आणि पडलीच नाय तर? 'देव हो म्हणालो' असा सांगता काय तो?"

"नाय."

"मगे काय करता?"

"थांबता. परत विचारता."

"गुरव शाळेत तीनदा नापास झालेलो," काकी म्हणाली. "त्याका कळता. ह्या भोसडीच्यांका कळना नाय?"

"कळता त्यांका, काकी. तेचाच तर राग येता माका. कळून गप रवलेत."

संध्याकाळी सभामंडपात पातेलं पुन्हा मधोमध आलं. प्रत्येकानं कानफूल उचललं. ठरलं, की आता घालायचं आणि बातमी ऐकून रागवायचं. सगळ्यांनी, एकजात, न हसता. गुरवानं बातमी लावली. पंचवीस-तीस माणसं दात आवळून, भुवया आक्रसून बसली. बाळा तांडेलनं हळूच डोळा उघडून शेजाऱ्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "तुका बद्धकोष्ठ झाल्यासारखा वाटता." संपलं. लोक खांबांना धरून हसले. सर्व्हरगृहाला उत्स्फूर्त पाठिंबा.

"हसाक नको रे," हेमांगी वैतागून म्हणाली, आणि तीही हसली.

मग बाळाच्या बायकोनंच विचारलं, "आणि मुंबयवाले?"

खांबांना धरलेले हात सुटले. मोंडव्याच्या मतदारयादीत, जिच्यावरून सरासरी निघायची, निम्मी नावं चाकरमान्यांची. मत इथं, घर इथं, माणूस नालासोपाऱ्यात. गावच्या प्रकल्पाच्या बातम्या गावातच ऐकू यायच्या. म्हणजे प्रत्येक चाकरमानी शून्य भागिले शून्य. त्यांतला एक जरी यादीत असला, तरी सगळं गाव दात आवळून बसलं तरी होकारच. त्यांत हेमांगीचा बाप होता, काकीचा मुलगा होता. म्हणजे नियमानं खेळून हा डाव जिंकताच येत नव्हता. कोणत्याच गावाला. ज्या गावातून एकही माणूस पोटासाठी बाहेर गेलेला नाही, असं गाव आहे तरी का या राज्यात?

हेमांगी खांबाला टेकून उभी होती. तिला राग आला होता, आणि अशा वेळी तिचं डोकं फार चांगलं चालायचं.

"काकी," ती म्हणाली, "या यंत्रात काय टाकला तर नामंजूर होता, सांग बघू?"

"काय टाकला तर?"

"कायच नाय होणा! जिथे एक माणूस गप, तिथे सगळा मंजूर. आणि ठराव मांडूचो हक्क कोणाक? कायद्यात लिवलेला हा, खयच्याय ग्रामसभेक. खयच्याय जागेबद्दल. कौल त्या जागेतल्या माणसांचो घेतत."

कोणत्याही ग्रामसभेला कोणत्याही जागेबद्दल ठराव मांडता येतो, हे काकीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं, त्याला मोंडव्यात सगळे घाबरतात.

"राजाध्यक्ष रवता खय?"

मोंडवे ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला: पुण्यात राजाध्यक्ष राहतात त्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात मोंडव्याचं खाडीचं पाणी भरून तिथं कालवांची लागवड करावी. पाणी सोडण्यापूर्वी कोमट करू नये. तळटीप काकीची: कांदा-खोबरं सोसायटीनं आपलं आपण आणावं.

सरपंचानं सही केली. हेमांगीनं ठराव जनकौलात घातला. कायद्यानं सांगितलेली मुदत पुरी झाली, कौल लागला. त्या सोसायटीत अर्धे फ्लॅट कुलूपबंद होते, मालक परदेशात. एक गप्प पुरे होता. इथं मजलेच्या मजले गप्प होते.

मंजूर.

पाण्याच्या टँकरची निविदा निघाली. ती माणसानं काढलीच नव्हती, तीही यंत्रच काढायचं.

काकीनं ती बातमी गटावर सोडली आणि खाली हेमांगीनं प्रोग्राममधली ती ओळ सोडली, जशीच्या तशी, शेजारी साध्या मराठीत अर्थ लिहून. कराराच्या चिंधड्या झाल्या. तिला ते ठाऊक होतं. ओळ रत्नागिरीत गेली, तिथून घाटावर चढली. ज्या गावांनी आपली टेकडी, आपला तलाव, आपलं गायरान असंच 'उत्स्फूर्त पाठिंब्यानं' घालवलं होतं, त्यांनी ती वाचली. मग राज्यभरच्या ग्रामसभा कामाला लागल्या. एका गावानं ठराव केला, की मंत्रालयाची गच्ची मिरच्या वाळवायला द्यावी. मंजूर. दुसऱ्यानं, मनोदर्शीच्या वातानुकूलित सभागृहात म्हशी बांधाव्यात. मंजूर. तिसऱ्यानं शुद्ध विनोद म्हणून ठराव केला, की ज्यांनी जनकौल आणला त्यांच्या बंगल्यांत वर्षभर फक्त कोमट पाणी यावं. मंजूर, मंजूर, मंजूर. राज्य हसत होतं, आणि प्रत्येक हसण्याची खुशी म्हणून नोंद होत होती.

हेमांगीची नोकरी गेली. पाठोपाठ वकिलाची नोटीस आली. मुंबईहून बापाचा फोन आला. "एवढी चांगली नोकरी घालवलंस, चेडवा. कोणाक पडला हा त्याचा?" ती काही बोलली नाही. मग आठवलं, की गप्प बसायचं नाही. "माका पडला हा, बाबा," ती म्हणाली.

मग राजाध्यक्षचा फोन आला. यावेळी कपात चमचा वाजत नव्हता.

"तो ठराव मागे घ्या. माझ्या बिल्डिंगखाली टँकर उभा आहे."

"मंजूर ठराव आहे, सर."

"कसला मंजूर! कोणी हो म्हटलेलं नाही! अर्धी सोसायटी इथं राहतच नाही!"

"म्हणजे जो बोललाच नाही, त्याचा होकार धरायचा नाही?"

पलीकडे टँकरचा हॉर्न वाजला.

"हे लिहून द्या, सर. कंपनीच्या कागदावर. ठराव आम्ही आजच मागे घेतो."

त्यानं दिलं नाही. सोसायटी कोर्टात गेली. सोसायटीत मनोदर्शीचे तीन संचालक राहत होते, म्हणून वकील मनोदर्शीचाच होता. आणि त्या वकिलाला, पोहण्याचा तलाव वाचवण्यासाठी, भर कोर्टात तेच म्हणावं लागलं: प्रतिसाद न देणाऱ्या नागरिकाचा होकार गृहीत धरता येत नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, हे फक्त पुण्यातल्या नागरिकांना लागू आहे, की सर्वांना? वकिलाला उत्तर द्यायला इतका वेळ लागला, की न्यायाधीश म्हणाले, "तुमच्या यंत्राच्या हिशेबानं मी हा होकार समजू का?"

मोंडव्याचा अंतिम कौल लागायच्या आतच जनकौलाला स्थगिती मिळाली. जुन्या मंजुऱ्यांच्या फाइली उघडल्या. हेमांगीवरचा खटला मात्र तसाच राहिला. अशी माणसं हरताना कोणाचं तरी बोट चावूनच हरतात.

मोंडव्याला खरी जनसुनावणी मिळाली. शाळेचं मैदान, कनात, करकरणारा माईक. यादीतली माणसं मुंबईहून गाड्या भरून आली. काकी पहिल्या रांगेत होती, तिचा मुलगा आणि हेमांगीचा बाप तिच्या शेजारी. जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं सर्व्हरगृहाची माहिती वाचली. पाणी किती घेणार, किती कोमट करणार, गावाला काय काय मिळणार. वाचून संपलं. त्यानं घाम पुसला, घड्याळ पाहिलं. बाहेर त्याची गाडी चालू होती.

मैदानात कोणी बोललं नाही. मोंडवेकरांची जुनी खोड. रागावले की गप्प.

"बरं," अधिकारी कागद गोळा करत म्हणाला, "कोणाचं काही म्हणणं दिसत नाही. मग असं समजायला हरकत नाही की—"

"हरकत हा!"

काकी उभी राहिली होती. तिच्या हातात माईक नव्हता आणि तिला तो नको होता. मागे बाळा तांडेल उभा राहिला, गुरव उभा राहिला, हेमांगी उभी राहिली. मग सगळं मैदान उभं राहिलं. खुर्च्या उलट्या पडल्या. कोणी हसत नव्हतं.

"नको!" काकी म्हणाली. "लिव. आमच्यासमोर लिव."

अधिकाऱ्यानं पेन काढलं.

"मोठ्यान वाचून दाखव," काकी म्हणाली, "आणि मगे गाडीत बस."